बातमी त्यांची, नोंद आपली

२ जून २०२३ ची रात्र आम्ही बंगळूरचे रेल्वे आणि टपाल कामगार विसरू शकत नाही. ओडिशातील बालासोर जिल्ह्यात बहानगा बाजार स्टेशनात तीन गाड्यांचा अपघात झाला. चेन्नईकडे निघालेली कोरोमंडल एक्सप्रेस मेन लाइन सोडून लूप लाइनवर गेली आणि तेथे उभ्या असलेल्या मालगाडीवर आदळली. तिचे घसरलेले डबे शेजारच्या मार्गावर पडले आणि त्याच वेळी समोरून येणाऱ्या हावडा एक्सप्रेसचे शेवटचे डबे त्यांत सापडले. ही हावडा एक्सप्रेस आमची. आदल्या दिवशी बंगळूरच्या सर विश्वेश्वरय्या टर्मिनलवरून सुटलेली. या अपघातात २९० हून अधिक माणसे गेली. त्यांत बहुसंख्य गरीब, पोटासाठी परमुलखात निघालेले मजूर होते.

त्या रात्री आम्ही मोबाईल हातात धरून बसलो होतो. आज त्या अपघाताबद्दल लिहिताना आधी एक कबुली द्यावी लागेल. दोन दिवसांच्या आत देशभर एक अफवा पसरली. अपघाताच्या जागेजवळ मशीद आहे, स्टेशन मास्तर अमुक धर्माचा आहे आणि तो फरार झाला आहे, अशी ती अफवा. सोबत एका पांढऱ्या इमारतीचे छायाचित्र होते. ती इमारत मशीद नव्हती, ते इस्कॉनचे मंदिर होते. ज्याचे नाव फिरत होते, त्या नावाचा स्टेशन मास्तर बहानग्यात नव्हताच. ४ जून रोजी ओडिशा पोलिसांना जाहीर इशारा द्यावा लागला, की अपघाताला धार्मिक रंग देणाऱ्यांवर कारवाई होईल. कबुली ही, की आमच्यापैकीही काहींनी तो मजकूर पुढे पाठवला होता. ज्यांनी आयुष्यभर स्टेशन मास्तरांच्या हातचे मेमो घेतले, ज्यांनी त्यांच्याबरोबर रात्रपाळीचा चहा घेतला, त्यांनी हे केले. आपल्याच भावंडावरचा आळ आपण तपासून पाहिला नाही. म्हणून हा लेख केवळ वृत्तपत्रांवर आणि वाहिन्यांवर राग काढण्यासाठी नाही.

आता खरे काय घडले ते पाहू. इंटरलॉकिंग म्हणजे काय हे रेल्वेतील माणसाला सांगायला नको, पण टपालातील बंधुभगिनींसाठी थोडक्यात सांगतो. रूळ बदलणारे पॉइंट, सिग्नल आणि फाटक यांना एकमेकांशी अशा रीतीने बांधायचे, की मार्ग नीट लागल्याशिवाय हिरवा दिवा लागूच नये. पूर्वी हे काम लोखंडी दांडे आणि खटके करीत. आता ते विजेच्या तारा, रिले आणि संगणक करतात. बहानग्यात चालकाला मेन लाइनचा हिरवा सिग्नल होता. पॉइंट मात्र लूप लाइनकडे होता. मर्यादा ताशी १३० किलोमीटरची आणि गाडी १२८ च्या आसपास. चालकाने काहीही चुकीचे केले नव्हते.

जुलै २०२३ मध्ये रेल्वेमंत्र्यांनी राज्यसभेत लेखी उत्तर दिले. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीचा आधार देऊन त्यांनी सांगितले, की उत्तरेकडच्या सिग्नल गुमटीत पूर्वी केलेल्या सर्किटच्या फेरबदलात त्रुटी राहिली होती आणि ९४ नंबरच्या फाटकाचा विजेवर चालणारा अडसर बदलण्याचे काम त्या दिवशी चालू असताना आणखी त्रुटी झाली. तारांवरची लेबले चुकीची होती आणि ती वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात आली नाहीत, हेही चौकशीत निघाले. १६ मे २०२२ रोजी खरगपूर विभागातल्याच बांकरानयाबाज स्टेशनात चुकीच्या वायरिंगमुळे असाच प्रकार घडला होता. त्यावेळी धडा घेतला असता तर बहानगा टळले असते, असेही आयुक्तांनी नोंदवले.

मशीद नाही, फरारी मास्तर नाही. एक चुकीचे लेबल, एक अर्धवट तपासलेले सर्किट आणि एक न घेतलेला धडा. पण लेबलाचे छायाचित्र पहिल्या पानावर शोभत नाही आणि धड्यावर वाहिनीवर आरडाओरडा करता येत नाही. बातमीला आरोपी लागतो, तोही संध्याकाळच्या आत.

आता याहून महत्त्वाची गोष्ट. ती आमच्या कर्नाटकातली आहे. अपघाताच्या जवळजवळ चार महिने आधी, ८ फेब्रुवारी २०२३ रोजी, बंगळूरच्या यशवंतपूरहून दिल्लीकडे निघालेली संपर्क क्रांती एक्सप्रेस म्हैसूर विभागात बिरूर ते चिक्कजाजूर दरम्यान होसदुर्ग रोड स्टेशनात होती. पॅनेलवर मार्ग बरोबर दिसत होता. सिग्नल मिळाला होता. पॉइंट मात्र भलत्याच मार्गाकडे लागलेला होता. चालकाने डोळे उघडे ठेवले, वेळेत पाहिले आणि गाडी थांबवली. म्हणून शेकडो प्रवासी वाचले. दुसऱ्याच दिवशी, ९ फेब्रुवारीला, दक्षिण पश्चिम रेल्वेच्या मुख्य परिचालन व्यवस्थापकांनी पत्र लिहिले. इंटरलॉकिंग वळसा घालून टाळले जाऊ शकते, व्यवस्थेत गंभीर दोष आहेत, ताबडतोब दुरुस्ती केली नाही तर पुन्हा असे घडून मोठे अपघात होतील, असा त्या पत्राचा आशय होता.

हे पत्र देशाने केव्हा वाचले? २ जूननंतर. बहानग्यात प्रेते मोजली जात असताना. तोवर ते फायलीत होते. ज्या दिवशी संपर्क क्रांतीच्या चालकाने गाडी थांबवली, त्या दिवशी त्याची बातमी कोणत्या पानावर आली? आम्ही रोज वर्तमानपत्र वाचतो, आमच्या तरी ती वाचनात आली नाही. जो अपघात घडला नाही त्याला बातमी म्हणत नाहीत. पण बंधूंनो, रेल्वेचे निम्मे काम म्हणजे न घडलेले अपघात. ते कोण लिहिणार?

न्यायाची गोष्ट सांगायची तर, हे पत्र शेवटी लोकांपुढे आणले तेही पत्रकारांनीच. मशिदीची अफवा खोटी ठरवण्याचे काम केले तेही तपासून लिहिणाऱ्या, बहुतांशी लहान वृत्तसंस्थांनी. म्हणून सगळ्या वृत्तपत्रांना एका माळेत ओवण्याचे कारण नाही. वार्ताहरही आपल्यासारखाच कामगार आहे. अनेकदा कंत्राटावरचा, आपल्याहून असुरक्षित. दोष आहे तो आधी निष्कर्ष आणि मग चौकशी या धंद्याच्या रीतीत.

या रीतीचे दुसरे उदाहरण फार दिवसांचे नाही. १७ जून २०२४ रोजी सकाळी उत्तर बंगालमध्ये रंगापानीजवळ मालगाडीने कांचनजंगा एक्सप्रेसला मागून धडक दिली. त्याच दिवशी रेल्वे बोर्डाकडून सांगण्यात आले, की मालगाडीच्या चालकाने सिग्नल मानला नाही. चालक तर अपघातातच मरण पावला होता. मेलेला माणूस खुलासा देत नाही. सहाय्यक चालकही मृत म्हणून सांगितला गेला. तो जिवंत निघाला, रुग्णालयात होता. देशातील बहुतेक वृत्तपत्रांनी ‘मानवी चूक’ असा मथळा देऊन विषय संपवला.

पुढे काय निघाले? त्या भागातील स्वयंचलित सिग्नल पहाटेपासून बंद होते. लाल सिग्नल ओलांडण्याचे अधिकारपत्र, टी/ए ९१२, स्टेशनवरून मालगाडीच्या चालकाला लेखी दिलेले होते. सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत दिसले, की त्या परिस्थितीत तो कागदच योग्य नव्हता, त्यावर वेगाची मर्यादा नव्हती आणि अशा प्रसंगी काय करायचे याचे प्रशिक्षण चालकांना व स्टेशन मास्तरांना पुरेसे दिलेले नव्हते. प्रत्येक सिग्नलला एक मिनिट थांबायचे आणि ताशी १५ किलोमीटरने पुढे जायचे, हा नियम त्या सकाळी त्या भागातून गेलेल्या गाड्यांपैकी फक्त कांचनजंगानेच पाळला होता. याचा अर्थ काय? एक चालक चुकला तर ती चूक म्हणता येईल. एकाच सकाळी एकाच जागी गाडीमागून गाडी तशीच गेली, तर चूक चालकाच्या डोक्यात नसून व्यवस्थेत आहे. हे समजायला अभियंता असावे लागत नाही. पण हा अहवाल येईपर्यंत महिना गेला आणि त्या चालकाच्या घरच्यांनी तो महिना कसा काढला असेल, याची बातमी कोणी केली नाही.

आता नव्या विज्ञानाबद्दल. आम्ही विज्ञानाचे विरोधक नाही. ज्या कामगाराने वाफेचे इंजिन, डिझेल आणि वीज तिन्ही पाहिली, त्याला विज्ञानाचे मोल कोणी शिकवू नये. आमची तक्रार वेगळी आहे. वृत्तपत्रे नवे यंत्र हे गंड्यादोऱ्यासारखे दाखवतात. बहानग्यानंतर घरोघरी एकच चर्चा होती: ‘कवच’ असते तर अपघात झाला नसता. एका बाजूने ते सरकारवर टीका म्हणून म्हटले गेले, दुसऱ्या बाजूने तेच ‘कवच’ जगात श्रेष्ठ म्हणून गायले गेले. दोन्ही बाजूंना यंत्र काय करते हे समजून घेण्याची फुरसत नव्हती.

‘कवच’ ही आपल्याच देशात, रेल्वेच्या संशोधन संस्थेने विकसित केलेली व्यवस्था आहे. प्रवासी गाड्यांवर तिच्या चाचण्या फेब्रुवारी २०१६ मध्ये सुरू झाल्या आणि जुलै २०२० मध्ये ती राष्ट्रीय व्यवस्था म्हणून स्वीकारली गेली. स्टेशनातील इंटरलॉकिंगकडून सिग्नल आणि मार्गाची माहिती घ्यायची, ती रेडिओवरून इंजिनाला पोचवायची आणि चालकाने लाल सिग्नल ओलांडला किंवा वेग वाढवला तर ब्रेक लावायचा, हे तिचे काम. चांगलेच काम आहे. पण बहानग्यात इंटरलॉकिंगच खोटे बोलत होते. ज्या साक्षीदारावर ‘कवच’ विश्वास ठेवते तोच साक्षीदार फिरला होता. तेथे ‘कवच’ असते तरी त्यालाही हिरवाच दिवा कळला असता. रंगापानीची गोष्ट निराळी. तेथे गाडी गाडीमागे वेगाने येत होती आणि अशा धडका थांबवण्यासाठीच ही व्यवस्था आहे. म्हणून तेथील चौकशीत ‘कवच’ लवकर बसवण्याची शिफारस झाली, आणि ती रास्त आहे. एकच यंत्र एका अपघातात निरुपयोगी ठरले असते आणि दुसऱ्यात कदाचित तारणहार. हा फरक वाचकाला सांगणे म्हणजे विज्ञानाची बातमी देणे. आणि हा फरक सर्वांत आधी कोणाला कळतो? गुमटीत तारा जोडणाऱ्या सिग्नल मेंटेनरला.

टपालातील बंधुभगिनींना वाटेल की हे सारे रेल्वेचे झाले. तसे नाही. १८ ऑगस्ट २०२३ रोजी बंगळुरात हलसूरजवळ केंब्रिज लेआउट येथे देशातील पहिल्या थ्री-डी मुद्रित पोस्ट ऑफिसचे उद्घाटन झाले. यंत्राने थरावर थर काँक्रीट ओतून १,०२१ चौरस फुटांची इमारत ४५ दिवसांच्या आत उभी केली. आयआयटी मद्रासचे मार्गदर्शन होते. आम्ही मुद्दाम जाऊन पाहिली. सुबक आहे, आम्हाला तिचा अभिमान आहे. देशातल्या वृत्तपत्रांनी तिची छायाचित्रे भरभरून छापली. त्याच वर्षी, १२ डिसेंबरपासून, देशभरच्या ग्रामीण डाक सेवकांनी संप केला. आठ तासांचे काम आणि पेन्शन या त्यांच्या मागण्यांपैकी दोन. खेड्यापाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या टपाल पोचवणाऱ्या या माणसांची बातमी आमच्याकडे येणाऱ्या वृत्तपत्रांत आतल्या पानावर, चार ओळींत होती. भिंत कशी उभी राहिली ते सविस्तर आणि भिंतीच्या आत बसणाऱ्याचे काय ते चार ओळींत, असा हा हिशोब.

२०२५ मध्ये नोंदणी टपाल स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले तेव्हाही तेच. ‘रजिस्टर पोस्ट बंद, एका युगाचा अंत’ असे मथळे आले आणि काउंटरवर लोक हळहळत येऊ लागले. बंद नव्हे, विलीन. आणि नोंदणीची सोय स्पीड पोस्टवर जादा सेवा म्हणून मिळणार, हे समजावून सांगता सांगता आमच्या भगिनींचा घसा बसला. मृत्युलेख लिहिणाऱ्यांपैकी किती जणांनी विचारले, की गरीब माणसाला आता दर काय पडेल आणि काउंटरवरचे काम किती वाढेल?

मग उपाय काय? वृत्तपत्रांना शिव्या देऊन काही होणार नाही. १९७४ च्या रेल्वे संपातही, ८ ते २७ मे या वीस दिवसांत, आपण त्या दिल्याच होत्या. उपाय आपल्या इतिहासातच आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी आधी रेल्वेत आणि टपाल खात्यात नोकरी केली, मग ते गिरणीत गेले. म्हणजे या पानाच्या वाचकांचे ते थेट पूर्वज. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्यात सुरू केलेला ‘दीनबंधू’ त्यांनी १८८० पासून मुंबईत चालवला. गिरणीत कामगाराला किती तास राबावे लागते, सुटी का नाही, हे त्यात छापले जाऊ लागले. १८८४ मध्ये साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन निघाले आणि १८९० मध्ये रविवारची सुटी मिळाली. आज आपण रविवार उपभोगतो तो त्या लिहिण्याचे फळ आहे. टपाल खात्याने २००५ मध्ये लोखंड्यांचे तिकीट काढले. त्यांचे पत्र मात्र आपण चालवायला हवे.

यातही एक कडू गोळी आहे, ती गिळल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. बहानग्याच्या अहवालात असेही म्हटले आहे, की तेथील पॉइंटचे विचित्र वागणे पूर्वी वारंवार दिसले होते. ते स्टेशनवरून सिग्नल खात्याला कळवले गेले असते तर दुरुस्ती झाली असती. आपण स्वतःला विचारू या. आपल्यापैकी किती जण रोज काहीतरी विचित्र पाहतात आणि ‘चालते आहे ना, चालू दे’ म्हणतात? कारणे आहेत. मनुष्यबळ कमी, वेळ कमी, आणि लिहिले तर लिहिणाऱ्यालाच आधी चार्जशीट मिळेल ही भीती. भीती खोटी नाही. बहानग्यानंतर अटक झाली ती तीन रेल्वे कर्मचाऱ्यांनाच. बांकरानयाबाजचा धडा न घेणारे वरिष्ठ कोण, हा प्रश्न तेवढ्या जोराने कोणी विचारला नाही. पण न लिहिल्याने संरक्षण मिळाले का? नाही. नोंद नसली की आळ आपल्यावर येतो. नोंद असली की तो वर सरकतो. होसदुर्ग रोडचे ते पत्र नसते, तर दोष आधीच दाखवला गेला होता हे आज कोणी सिद्ध करू शकले असते का?

सेवा नियम आपल्याला वृत्तपत्रांशी मोकळेपणी बोलू देत नाहीत. म्हणूनच युनियनची शाखा आणि युनियनचे पत्र यांचे मोल आहे. आमचे म्हणणे साधे आहे. प्रत्येक शाखेत एक वही असावी. ज्याला जो दोष दिसेल तो तारीख, वेळ, जागा घालून त्याने लिहावा, रीतसर वरिष्ठांना कळवावा आणि पोच घेऊन प्रत ठेवावी. दोष कळवणाऱ्याला शिक्षा होणार नाही, असे लेखी आश्वासन प्रशासनाकडून मिळवण्याची मागणी महासंघाने लावून धरावी. प्रत्येक मोठ्या अपघाताचा संपूर्ण चौकशी अहवाल जनतेसाठी खुला व्हावा, हीही मागणी हवी. बहानग्याचा अहवाल तुकड्यातुकड्यांनी कळला, हे प्रवाशांना आणि कामगारांना दोघांनाही अन्यायकारक आहे. आणि या पत्रात दर अंकी एक जागा न घडलेल्या अपघातांसाठी राखावी. कोणी गाडी थांबवली, कोणी तुटलेला रूळ पाहिला, कोणत्या सॉर्टरने चुकीच्या पिशवीत चाललेली औषधे वेळेत हुडकली, हे त्यात यावे.

शेवटचे, स्वतःला बजावून. पुन्हा अपघात होईल, तेव्हा त्याच रात्री कोणाचे तरी नाव आपल्या मोबाईलवर येईल. ते पुढे पाठवण्यापूर्वी एवढेच आठवावे, की ते नाव उद्या आपले असू शकते. होसदुर्ग रोडला त्या चालकाने हिरवा सिग्नल असूनही पॉइंटकडे पाहिले. बातमीचा सिग्नल हिरवा असला तरी पॉइंट पाहायला आपणही शिकू या.